संगणकीय खेळांतील ध्वनिदोष व त्यांचे निवारण : एक ऐतिहासिक विवेचन

१. विषयप्रवेश

यंत्रांचे इतिहास पुष्कळ लिहिले गेले आहेत. यंत्रांतील बिघाडांचे व त्यांच्या दुरुस्तीचे इतिहास मात्र फारसे लिहिले गेलेले नाहीत. याचे कारण उघड आहे. शोधाला तारीख असते आणि शोध लावणाऱ्याला नाव असते. बिघाड घरोघर होतो आणि दुरुस्त होताच विसरला जातो. दुरुस्ती करणारा आपली रीत शेजाऱ्याला तोंडी सांगतो व ती त्याच्याबरोबरच लोपते. संगणकीय खेळांतील आवाजाचे दोष हा या विस्मृत इतिहासाचा एक लहानसा, परंतु बोधप्रद भाग होय.

विषय वरकरणी क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. खेळ तो काय आणि त्यातील आवाज तो काय, असे कोणी म्हणेल. तथापि दोन कारणांनी या विषयाकडे गंभीरपणे पाहणे इष्ट ठरते. एक तर, चित्रातील दोष डोळ्यांस दाखविता येतो. आवाजातील दोष मात्र शब्दांनी सांगावा लागतो. म्हणजे ध्वनिदोषाचे निवारण हा तंत्राइतकाच भाषेचाही व्यवहार आहे. दुसरे असे की, महाराष्ट्रातील बहुसंख्य लोकांचा संगणकाशी, आणि पुढे मोबाइलशी, पहिला स्वेच्छेने आलेला संबंध पुष्कळदा खेळाच्या निमित्तानेच आला. त्या संबंधात जे ज्ञान निर्माण झाले, ते मराठीत बोलले गेले. पण मराठीत लिहिले गेले नाही. हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्यात असलेल्या गोरेगावासारख्या ठिकाणाच्या दृष्टीने हा प्रश्न कसा दिसतो, हे पाहणे हा प्रस्तुत विवेचनाचा एक हेतू आहे.

२. ‘आवाज येतो’ : एक भाषिक निरीक्षण

मराठीत आवाज ‘येतो’. चित्र ‘दिसते’, पण आवाज ‘ऐकू येतो’. या प्रयोगात एक स्थानांतर गृहीत धरलेले आहे : आवाज कोठून तरी निघतो, वाटेने चालतो आणि श्रोत्यापर्यंत पोहोचतो. ‘आवाज येत नाही’ हे वाक्य उच्चारताच ‘मग तो कोठे अडला?’ हा प्रश्न आपोआप उपस्थित होतो. आणि ध्वनिदोष शोधण्याची सारी रीत या एका प्रश्नात सामावलेली आहे.

तथापि याच भाषेत एक संदिग्धताही आहे. ‘आवाज’ हा फारसीतून आलेला शब्द मराठीत ध्वनी, मनुष्याचा कंठस्वर आणि ध्वनीची तीव्रता या तिन्ही अर्थांनी वापरला जातो. ‘आवाज वाढव’ म्हणताना तीव्रता, ‘त्याचा आवाज बसला’ म्हणताना कंठ आणि ‘कसला आवाज झाला?’ म्हणताना ध्वनी अभिप्रेत असतो. आधुनिक खेळांत संगीत, प्रसंगध्वनी आणि पात्रांचे संवाद यांच्या पातळ्या स्वतंत्रपणे कमी-अधिक करता येतात. तेथे ‘आवाज बंद आहे’ एवढ्याने काहीच निष्पन्न होत नाही. यांपैकी कोणता आवाज, हे विचारल्यावाचून पुढे जाता येत नाही.

याउलट दोषांच्या वर्णनाकरिता मराठीची समृद्धी लक्षणीय आहे. खरखर, घरघर, करकर, टकटक, सूंसूं, फुसफुस हे अभ्यस्त ध्वन्यनुकारी शब्द, तसेच फाटका, चिरका, भसाडा, घोगरा, तुटक ही विशेषणे परस्परांचे पर्याय नाहीत. प्रत्येकाने एक निराळी श्रवणानुभूती सूचित होते. आणि पुढे दिसून येईल त्याप्रमाणे प्रत्येकामागे बहुधा निराळे तांत्रिक कारणही असते.

३. आरंभकाल : एकस्वरी यंत्र

संगणकीय खेळ प्रथम मुकेच होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत १९६२ साली पूर्ण झालेल्या ‘स्पेसवॉर’ या खेळाला ध्वनी नव्हता. १९७२ साली अटारी कंपनीचा ‘पाँग’ हा खेळ आला. तो रचणारे अभियंते ॲलन ॲलकॉर्न यांच्याकडे प्रेक्षकांच्या जयघोषाचा आवाज मागण्यात आला होता. परंतु तशी सोय करण्याइतके भाग यंत्रात नव्हते. तेव्हा पडद्यावरील चित्र स्थिर राखणाऱ्या मंडलात जे स्पंद आधीच उपलब्ध होते, त्यांतूनच योग्य वाटणारे स्वर त्यांनी उचलले. चेंडू आदळल्याचा तो सुप्रसिद्ध ध्वनी असा उसना घेतलेला आहे. १९७८ साली जपानच्या टायटो कंपनीसाठी तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ रचला. त्यात चार उतरत्या स्वरांचे आवर्तन शत्रूंची संख्या घटत जाईल तसतसे जलद होत जाते. ध्वनी हा अलंकार न राहता खेळाचा अर्थ सांगणारा घटक बनला तो येथे. त्यानंतर ध्वनीतील दोष हा खेळातीलच दोष ठरू लागला.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक जाहीर केला. त्यात एक लहान कर्णा होता. त्याला स्वर पुरविण्याचे काम वेळ मोजणाऱ्या एका घटकाकडे सोपविलेले होते. हा घटक सेकंदास ११,९३,१८२ स्पंद मोजीत असे. या संख्येला एखाद्या भाजकाने भागले म्हणजे स्वराची कंप्रता मिळे. ४४० कंपनांचा स्वर हवा असेल तर भाजक सुमारे २,७१२ ठेवावा लागे. एका वेळी एकच स्वर निघे, त्याची तीव्रता कमी-अधिक करता येत नसे आणि आवाज कमी करण्याची खुंटीही नसे. खेळाने स्वतः तशी कळ दिली नसेल, तर शांततेचा उपाय एकच उरे : पेटी उघडून कर्ण्याची तार काढणे.

या यंत्रातील एक दोष विशेष उल्लेखनीय आहे. अनेक खेळांत स्वराची लांबी ठरविण्याकरिता संगणकाला काही काळ निरर्थक मोजणी करावयास लावीत. मूळ यंत्राची गती ४.७७ मेगाहर्ट्झ होती आणि मोजणी त्या गतीस अनुरूप ठेवलेली असे. पुढे अधिक जलद यंत्रे आली, तेव्हा तीच मोजणी क्षणार्धात संपू लागली आणि सुरावटीच्या जागी नुसती किरकिर ऐकू येऊ लागली. यंत्र बिघडलेले नव्हते. ते सुधारलेले होते! अनेक संगणकांच्या पुढील बाजूस ‘टर्बो’ नावाची कळ असे. ती फिरवून यंत्राची गती मुद्दाम कमी करणे हा या दोषावरील उपाय होता. सुधारणा हेच बिघाडाचे कारण ठरावे, हे सूत्र या इतिहासात पुनःपुन्हा आढळते.

४. घरातील टीव्ही आणि ‘कॅसेट’

महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत संगणकाच्या आधी खेळ आला तो टीव्हीला जोडावयाच्या यंत्राच्या रूपाने. निन्तेंदो कंपनीने १९८३ साली जपानात काढलेल्या ‘फॅमिकॉम’ या यंत्राच्या अनेक प्रतिकृती १९९० च्या दशकात भारतात विकल्या जात. त्यांत बसविण्याच्या खेळाच्या ठोकळ्याला मुले ‘कॅसेट’ म्हणत. वस्तुतः तीत फीत नसे. परंतु गाण्यांच्या कॅसेटशी असलेले आकाराचे व बसविण्याच्या क्रियेचे साम्य नामकरणास पुरेसे ठरले. अर्थविस्ताराचे हे एक चांगले उदाहरण होय.

चित्र स्वच्छ दिसत असून आवाज मात्र नाहीसा होणे, हा या यंत्रातील एक चमत्कारिक दोष. त्याचे कारण फॅमिकॉमच्या मूळ रचनेत आहे. यंत्रात निर्माण झालेला ध्वनी सरळ टीव्हीकडे जात नसे. तो प्रथम कॅसेटमध्ये शिरे आणि तिच्यातून परत बाहेर येई. कॅसेटमध्ये जादा ध्वनिसाहित्य घातल्यास त्याचा स्वर वाटेतच मिसळता यावा, यासाठी ही योजना होती. साठ जोडबिंदूंपैकी शेजारशेजारच्या दोन बिंदूंवर ही ये-जा अवलंबून असे. त्यांवर मळ बसला की खेळ बिनतक्रार चाले, पण मुका. मुले कॅसेट काढून तीत फुंकर मारीत आणि पुन्हा बसवीत. आवाज परत येई. श्रेय फुंकरीला मिळे. वास्तविक काढून पुन्हा बसविताना होणाऱ्या घर्षणाने जोडबिंदू स्वच्छ होत. तोंडातील वाफेने मात्र कालांतराने ते गंजण्याचाच संभव अधिक होता. उपाय खरा आणि उपपत्ती खोटी, अशी ही अवस्था लोकवैद्यकात सर्वत्र आढळते.

दुसरा दोष प्रक्षेपणपद्धतीतून उद्भवे. भारतातील दूरदर्शनच्या पद्धतीत ध्वनीची वाहक लहर चित्राच्या लहरीपासून ५.५ मेगाहर्ट्झ अंतरावर असे; हाँगकाँगमध्ये हे अंतर ६ आणि चीनमध्ये ६.५ होते. अन्य देशाच्या मापाचे यंत्र येथील टीव्हीला जोडल्यास चित्र उमटे, पण आवाजाच्या जागी नुसते ‘सूंऽऽ’ ऐकू येई. जो टीव्ही अनेक पद्धती ओळखत असे, त्यात योग्य पद्धती निवडली की काम भागे. एरवी यंत्राच्या आतील लहानसा स्क्रू किंचित फिरवून अंतर जुळवावे लागे.

५. साउंड कार्डाचे युग

१९८७ साली कॅनडातील क्वेबेक येथील ॲडलिब कंपनीने संगीतासाठी स्वतंत्र कार्ड काढले. त्यात यामाहा कंपनीचा घटक होता आणि त्याच्या योगे एकाच वेळी नऊ स्वर निघू शकत. एका स्वराने दुसऱ्याची कंप्रता हलवून नवे नाद निर्माण करण्याचे हे तत्त्व जॉन चाउनिंग यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६७ साली शोधले होते. त्याच वर्षी, म्हणजे १९८७ मध्ये, जपानच्या रोलंड कंपनीचे ‘एमटी-३२’ हे वाद्ययंत्रही आले. १९८९ साली सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने ‘साउंड ब्लास्टर’ काढले. संगीताबरोबरच मुद्रित ध्वनी, म्हणजे मनुष्याचे शब्द व स्फोटांचे आवाज, वाजविण्याची सोय त्यात होती. या कंपनीचे संस्थापक सिम वाँग हू होत.

याच काळात ध्वनिदोषांचे एक स्वतंत्र शास्त्र उदयास आले. कार्ड संगणकात बसविल्यानंतर तीन गोष्टी ठरवाव्या लागत : कार्डाचा पत्ता, मध्यवर्ती घटकाला हाक मारण्याची त्याची ओळ आणि स्मृतीतून ध्वनी परस्पर उचलून आणण्याचा त्याचा मार्ग. साउंड ब्लास्टरच्या बाबतीत या तीन संख्या पत्ता २२०, ओळ ७ (पुढील काळात ५) व मार्ग १ अशा प्रचलित झाल्या. कार्डावरील इवल्या पिना टोपणांनी जोडून त्या निश्चित करीत आणि त्याच संख्या खेळाच्या मांडणीत पुन्हा नोंदवीत. दोन्हींत मेळ नसेल तर दोष उद्भवे.

हे दोष ऐकून ओळखता येत. पत्ता चुकला असेल तर खेळाला कार्डच सापडत नसे आणि संपूर्ण शांतता असे. मार्ग चुकला तर शांतता तरी असे किंवा निरर्थक खरखर तरी. हाकेची ओळ चुकली म्हणजे सर्वांत विलक्षण प्रकार घडे : पहिल्या आवाजाचा आरंभीचा तुकडा अखंड पुनरावृत्त होत राही. कारण असे की, ‘हा तुकडा वाजवून झाला, आता पुढचा द्या’ ही कार्डाची हाक मध्यवर्ती घटकापर्यंत पोहोचतच नसे; कार्ड बिचारे हाती असलेला तुकडाच पुनःपुन्हा वाजवीत बसे. सातवी ओळ छपाईयंत्राच्या जोडणीकडेही असल्यामुळे दोघांत तंटा होण्याचा प्रसंग येई. पाचवी ओळ पुढे रूढ होण्यात या तंट्याचा वाटा आहे.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने याहून मार्मिक दोष एमटी-३२ संबंधीचा आहे. संगीताच्या संदेशात ‘अमुक क्रमांकाचे वाद्य वाजवा’ एवढेच सांगितलेले असे. एमटी-३२ मध्ये वाद्यांचा स्वतःचा एक क्रम होता; १९९१ साली ‘जनरल मिडी’ या सर्वमान्य पद्धतीने निराळा क्रम निश्चित केला. पहिल्या क्रमासाठी रचलेले संगीत दुसऱ्या क्रमाच्या यंत्रावर वाजविले की स्वर अचूक, ताल अचूक, पण वाद्ये भलतीच, असा प्रकार होई. व्याकरण तेच राहून शब्दकोश बदलावा, तशी ही स्थिती. येथे कोणताही भाग नादुरुस्त नसतो. दोन यंत्रांत संकेत समान नसतो, एवढेच. यावरील उपायही भाषांतराचाच होता : एका क्रमाचे दुसऱ्या क्रमात रूपांतर करणारे कोष्टक मध्ये ठेवणे.

डिसेंबर १९९३ मध्ये ‘डूम’ हा खेळ प्रसिद्ध झाला. त्याच्याबरोबर आवाजाची मांडणी करण्याची स्वतंत्र आज्ञावली दिलेली होती. खेळ सुरू करण्यापूर्वी ध्वनीची परीक्षा घ्यावयाची, ही रीत त्या काळच्या सर्व प्रमुख खेळांत दृढ झाली होती. त्या पिढीतील हजारो मुले संगणकाची अंतर्रचना शिकली ती अभ्यासक्रमातून नव्हे, तर बंदुकीचा आवाज ऐकू यावा या इच्छेतून, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

६. थरांची वाढ आणि दोषांचे अदृश्य होणे

१९९५ साली विंडोज ९५ ही प्रणाली आली आणि त्याच वर्षी डायरेक्टएक्सही आले. कार्ड बसविताच प्रणालीने ते स्वतः ओळखावे आणि संख्या स्वतः ठरवाव्या, अशी योजना झाली. खेळाने कार्डाशी सरळ न बोलता प्रणालीच्या मध्यस्थीने बोलावे, हा नवा नियम ठरला. यामुळे टोपणांचा व संख्यांचा त्रास संपला. पण खेळ आणि कर्णा यांच्यामध्ये अनेक थर आले. दोष नाहीसे झाले नाहीत. ते या थरांत शिरले.

या काळातील मुख्य दोष म्हणजे तुटक आवाज. ध्वनी अखंड वाजावा म्हणून त्याचा थोडा साठा आगाऊ करून ठेवतात. सेकंदास ४४,१०० नमुने वाजत असतील तर १,०२४ नमुन्यांचा साठा सुमारे २३ सहस्रांश सेकंद पुरतो. चित्र सेकंदास ६० वेळा बदलत असेल तर दर चित्रामागे ७३५ नमुने तयार व्हावे लागतात. यंत्र अन्य कामात गुंतले व साठा भरण्यास विलंब झाला की मध्येच खंड पडतो आणि ‘टक’ असा आवाज होतो. साठा मोठा ठेवला तर खंड पडत नाही. पण कळ दाबल्यावर आवाज उशिरा येतो. म्हणजे अखंडता आणि तत्परता यांपैकी एकीचा काही अंश सोडावाच लागतो. ध्वनितंत्रातील हा पेच आजही सुटलेला नाही. त्यात तडजोड तेवढी करता येते.

नमुन्यांच्या वेगाचा विसंवाद हा दुसरा दोष. ४४,१०० च्या वेगाने घेतलेला ध्वनी ४८,००० च्या वेगाने वाजविला तर तो सुमारे पावणेनऊ टक्के जलद आणि सुमारे दीड अर्धस्वराने उंच होतो. वेग दुप्पट झाला तर पात्रांचे बोलणे एक सप्तक वर जाऊन चिमणीसारखे चिरके होते. तिसरा दोष आवाज फाटण्याचा. सोळा अंकी ध्वनीत एका नमुन्याचे मूल्य ३२,७६७ पलीकडे जाऊ शकत नाही. एकाच क्षणी अनेक स्फोट झाले आणि त्यांची बेरीज या मर्यादेबाहेर गेली म्हणजे लहरीचा माथा छाटला जातो. मराठीत ज्याला ‘आवाज फाटला’ म्हणतात ती हीच स्थिती. तेथे कर्णा बदलून उपयोग नसतो. खेळातीलच पातळी उतरवावी लागते.

जानेवारी २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा सर्वसामान्यांना उपलब्ध झाली. तीत ध्वनीची व्यवस्था नव्याने रचली गेली आणि कार्डाच्या साहाय्याने परिसरध्वनी निर्माण करण्याचा डायरेक्टसाउंडचा जुना मार्ग बंद झाला. परिणामी, गुहेत घुमणारा किंवा पाठीमागून येणारा आवाज ज्यांत होता, अशा अनेक जुन्या खेळांतून ते सौंदर्य एकाएकी लोपले. क्रिएटिव्ह कंपनीने जुन्या मार्गाची भाषा ‘ओपनएएल’ या नव्या मार्गाच्या भाषेत बदलणारा दुवा काढला. येथेही उपाय भाषांतराचाच, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

याच सुमारास जुन्या खेळांच्या जतनाचे कार्य सुरू झालेले होते. २००२ साली निघालेली ‘डॉसबॉक्स’ ही आज्ञावली नव्या संगणकात जुन्या संगणकाचा आभास निर्माण करते. तिच्या मूळ मांडणीत पत्ता २२०, ओळ ७ व मार्ग १ याच संख्या आहेत. कार्ड राहिले नाही, पिना राहिल्या नाहीत. पण जुन्या खेळांना आजही त्याच संख्यांची अपेक्षा असते, म्हणून त्या टिकून आहेत. शब्द लोपूनही लेखनात राहिलेल्या मूक अक्षरांसारखेच हे अवशेष होत.

७. गोरेगावच्या दृष्टीने

आतापर्यंतचे विवेचन ज्या क्रमाने केले, त्या क्रमाने हा इतिहास सर्वत्र घडला असे मात्र नाही. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. सेनगाव तालुका मराठवाड्यात असला तरी वाशीम जिल्ह्याला, म्हणजे वऱ्हाडाला, लागून आहे. पुण्यात १९८८ साली सी-डॅक संस्था स्थापन झाली; २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने संगणक तालुक्या-तालुक्यांत नेला. मोठ्या शहरांनी तीस वर्षांत क्रमाने अनुभवलेली यंत्रे अशा भागात थोड्या वर्षांत, कधी कधी एकदमच आली. त्यामुळे येथे आधीच्या युगातील दोषांचा अनुभव पुढच्या युगात कामी येण्यास वाव कमी राहिला.

शिवाय ग्रामीण भागातील ध्वनिदोषांत एक घटक असा आहे की, ज्याची दखल परदेशी माहितीपुस्तके क्वचितच घेतात. तो म्हणजे वीज. भारतात वीजप्रवाह सेकंदास ५० आवर्तने पूर्ण करतो. अर्थिंग नीट नसेल, किंवा तीन पिनांच्या प्लगची वरची पिन निरुपयोगी राहिली असेल, तर हे स्पंदन ध्वनिमार्गात शिरते आणि ५० किंवा १०० कंपनांचे ‘घूंऽऽ’ ऐकू येते. भारनियमनाच्या काळात वापरल्या गेलेल्या स्वस्त इन्व्हर्टरमधील वीज शुद्ध लहरीची नसून पायऱ्यांची असते. तिने या गुणगुणीत करकरीची भर पडते. अशा वेळी संगणकातील मांडणी कितीही बदलली तरी फळ मिळत नाही. परीक्षा सोपी आहे : संगणक बॅटरीवर चालविता येत असेल तर चार्जर काढून पाहावा. गुणगुण थांबली, तर दोष खेळात नाही, संगणकातही नाही. घराच्या वायरिंगमध्ये आहे.

२०१६ नंतर स्वस्त इंटरनेटमुळे खेळाचे प्रमुख साधन मोबाइल झाले. ‘पबजी मोबाइल’ या खेळावर भारतात २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली. २ जुलै २०२१ रोजी ‘बीजीएमआय’ या नावाने त्याची भारतीय आवृत्ती प्रसिद्ध झाली. या जातीच्या खेळांत शत्रूच्या पावलांचा आवाज कोणत्या दिशेने येतो यावर जय-पराजय ठरतो. इअरफोन उलटा घातला की डावे-उजवे बदलते. मोबाइलमध्ये ‘मोनो’ ही सोय चालू राहिली तर दिशाच नष्ट होते. ब्लूटूथ इअरफोनमध्ये आवाज एक-दोन दशांश सेकंद उशिरा पोहोचू शकतो; आणि मित्राशी बोलण्यासाठी मायक्रोफोन उघडताच जोडणी दूरध्वनीच्या पद्धतीवर उतरून संगीत एकदम भसाडे होते. यास बिघाड समजून इअरफोन बदलणे व्यर्थ होय. तारेचा इअरफोन वापरणे किंवा मोबाइलचाच मायक्रोफोन निवडणे हा खरा उपाय.

तारेच्या इअरफोनचाही एक दोष आहे आणि तो फार फसवा आहे. त्याच्या चार पट्ट्यांच्या प्लगमध्ये जमिनीची तार व मायक्रोफोनची तार यांचा क्रम दोन प्रकारचा आढळतो. जुन्या काही मोबाइलचा इअरफोन नव्यात घातला म्हणजे डावा व उजवा यांतील केवळ फरक ऐकू येतो. दोन्हींत समान असलेला भाग, म्हणजे बहुधा पात्रांचे संवाद, नाहीसा होतो आणि उरलेले संगीत विहिरीतून आल्यासारखे पोकळ वाटते. इअरफोनवरील कळ दाबून धरली असता आवाज पूर्ववत झाला, तर निदान निश्चित झाले असे समजावे. संगणकावर याच्याशी मिळताजुळता प्रकार निराळ्या कारणाने घडतो. दोनच कर्णे असताना मांडणीत सहा कर्ण्यांची व्यवस्था निवडलेली असेल, तर मधल्या कर्ण्याकडे पाठविलेले संवाद कोणासही ऐकू येत नाहीत. ‘सगळे ऐकू येते, पण बोलणे ऐकू येत नाही’ हे एक वाक्य नीट उच्चारले गेले तर दोन्ही ठिकाणी निम्मे काम होते.

८. निदानाची रीत

वरील इतिहासातून एक सर्वसामान्य रीत निष्पन्न होते. प्रथम दोषाचे नाव निश्चित करावे : शांतता, खरखर, गुणगुण, तुटकपणा, फाटणे, चिरकेपणा की पोकळपणा. नंतर आवाजाची वाट अर्ध्यावर तोडून पाहावी. दुसऱ्या एखाद्या खेळात किंवा गाण्यात तोच दोष ऐकू येतो काय? येत असेल तर खेळ निर्दोष. नसेल तर खेळाबाहेरचे सारे निर्दोष. त्यानंतर तोच इअरफोन दुसऱ्या यंत्राला लावून पाहावा. संगणक दूरदर्शनसंचाला किंवा नव्या पडद्याला जोडलेला असेल, तर प्रणालीने आवाज त्या पडद्याकडे वळविला नाही ना, हे अवश्य पाहावे. पडद्याला कर्णा नसेल तर आवाज ‘जातो’, पण ‘येत’ नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि गुण न आल्यास ती पूर्ववत करावी. या शेवटच्या नियमाकडे दुर्लक्ष झाल्याने मूळ दोष एक असता त्याचे तीन झाल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

प्रत्येक पायरीवर श्रोत्याचे शब्द हेच प्रमाण असते, हे येथे विसरता कामा नये. खुंटी फिरवितानाच होणारी खरखर ही खुंटीतील मळाची असते. सतत होणारी सूंसूं प्रवर्धकाची. थांबून थांबून होणारी टकटक रिकाम्या पडलेल्या साठ्याची. ‘आवाज खराब येतो’ या वाक्यात हे सर्व भेद बुडून जातात. गोरेगावातील मुलाला ‘ऑडिओ प्रॉब्लेम’ हा शब्द शिकविला गेला आणि ‘खरखर’ व ‘करकर’ यांतील भेद त्याच्या बोलण्यातून गेला, तर त्याच्या हाती अधिक आधुनिक साधन आले असे नव्हे. असलेले एक सूक्ष्म साधन हातचे गेले, एवढेच.

९. समारोप

पन्नास वर्षांच्या या इतिहासात ध्वनिदोषांचे स्थान सतत बदलत गेले. ते प्रथम तारेत होते, मग पिनांत व संख्यांत आले, पुढे प्रणालीच्या थरांत गेले आणि आता बिनतारी जोडणीत पोहोचले आहेत. प्रत्येक टप्प्यावर दोष हाताळणे अधिक अवघड झाले, कारण तो डोळ्यांआड गेला. आणि त्याच प्रमाणात त्याचे वर्णन करणाऱ्या भाषेवरील भार वाढला. जेथे पेटी उघडून बोट दाखविता येत नाही, तेथे शब्दच बोटाचे काम करतात.

पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० साली ‘राजी’ हा खेळ जगापुढे ठेवला. महाराष्ट्र आता खेळ केवळ खेळत नाही, तर रचतोही. अशा वेळी ध्वनिदोषांच्या मराठी शब्दांचा, त्यांच्या प्रदेशपरत्वे होणाऱ्या अर्थभेदांसह, संग्रह होणे अगत्याचे आहे. मराठवाडी व वऱ्हाडी बोलींचा जेथे संगम होतो, तो सेनगाव-रिसोडचा पट्टा अशा संग्रहास विशेष उपयुक्त ठरेल. गावोगावचे मोबाइल-दुरुस्तीचे दुकान हे त्याचे पहिले क्षेत्र होय. तेथे गिऱ्हाईक काय म्हणते आणि दुरुस्ती करणारा त्यावरून काय ओळखतो, एवढे जरी पद्धतशीरपणे टिपले गेले, तरी तंत्रविद्या व भाषाविज्ञान या दोहोंच्या पदरी काही तरी स्थायी पडेल.